पूजेत मांडलेली कमान

ज्यांना साग आणि धामण यांतला फरक कळत नाही, अशी माणसं लाकडाच्या कामावर मत द्यायला लागली की माझं डोकं फिरतं. शालिकराम भोयरच्या कामावर आमच्या मंडळातल्या झाडून सगळ्यांनी मत दिलं. त्यांतल्या एकानेही जन्मात रंधा हातात धरला नव्हता. मीही धरला नव्हता, पण निदान वर्षभर त्याच्याजवळ बसून मी गप्प बघत तरी होते. पुढे नको त्या वेळी गप्प बसले, तेही इथे सांगणार आहे. सगळा राग दुसऱ्यांवर काढायचा आणि स्वतःला वगळायचं, हा अध्यक्ष लोकांचा धंदा आहे, माझा नाही.

शालिकराम उमरेडकडचा. घरचं वावर दोन थोरल्या भावांना जेमतेम पुरेल एवढं, म्हणून हा तिसरा अठराव्या वर्षी नागपूरला आला आणि लकडगंजात ओमप्रकाश सेठच्या आरा मशीनवर लागला. मी त्याला ओळखायला लागले ते १९७५ साली, तेव्हा त्याला तिथे बावीस वर्षं झाली होती. डाव्या हाताची करंगळी मशीनने अर्धी नेलेली. भुवयांवर कायम भुसा. बोलणं कमी, आणि जे काय बोलेल ते लाकडाबद्दल. ट्रकभर माल उतरला की तो आधी एक चक्कर मारून यायचा आणि कुठला ओंडका चिरताना फाटेल, कुठला सरळ जाईल ते सांगायचा. सेठ त्याचं ऐकायचा. बाहेर गिऱ्हाइकाला मात्र सांगायचा, "माझी नजर आहे." ही सवय पुढे मला आणखी बऱ्याच लोकांत दिसली.

मी महालातल्या मुलींच्या शाळेत ड्रिलची बाई. नाव चारुशीला. संध्याकाळी एका मंडळाच्या मैदानावर कॉलेजच्या सहा मुलींना धनुर्विद्या शिकवायचे. मंडळाचं नाव लिहीत नाही, ते अजून चालू आहे. अध्यक्ष मार्तंडराव, निवृत्त वकील. पहिली दोन वर्षं ते म्हणायचे, "बाई, मुलींनी लेझीम खेळावी. हे तीरकमान कशाला?" मग एकदा पेपरात मुलींचा फोटो आला आणि त्या दिवसापासून तो 'आमचा उपक्रम' झाला. त्यांच्या सहीशिवाय कुठल्याही चाचणीचा फॉर्म पुढे जात नसे. म्हणून मी आतल्या आत चरफडायची आणि वरून 'हो साहेब' म्हणायची.

त्या सहा जणींत शालिकरामची प्रेमिला होती. अठरा वर्षांची, खांद्यात ताकद, आणि नेम असा की बाकीच्या पाच जणी आपला सराव सोडून तिच्याकडे बघत राहायच्या. पण मंडळाकडे बांबूच्या दोनच कमानी, त्याही जुनाट. एका संध्याकाळी शालिकराम मुलीला न्यायला आला. त्याने कमान हातात घेतली, दोरी हळूच ओढली, तशीच हळूच परत नेली आणि दोन्ही टोकांकडे बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हिचं वरचं पातं काम करून राह्यलं अन् खालचं झोपून हाय," तो म्हणाला. "पोरीचा बाण खाली जाते तो तिचा दोष नाही जी."

मी दिवसभराची वैतागलेली. म्हटलं, "एवढं कळतं तर तुम्हीच का नाही करून देत?"

"पाहतो," तो म्हणाला. मला वाटलं, विषय संपला.

विषय पुढचे दहा महिने चालला. रविवारी आरा मशीन बंद असायची, त्या दिवशी घरामागे त्याचं काम. पहिली कमान त्याने सागाची केली, कारण सागवान म्हणजे लाकडाचा राजा, असं आपल्याकडे पाळण्यातच शिकवतात. ती दुसऱ्याच ओढीला कडाडून मोडली आणि एक ढलपी त्याच्या गालात घुसली. दुसरी बाभळीची, तीत गाठ निघाली. तिसरी, चौथी, सगळ्या मोडल्या. मशीनवरची माणसं रोज विचारायची, "शालिकराम, वनवासाले कधी निघून राह्यला गा?" तोही हसायचा. पण मोडलेली प्रत्येक कमान तो घरी नेऊन ठेवायचा आणि ती कुठे मोडली, लाकडातली रेषा कुठे तुटली ते बोटाने चाचपत बसायचा.

सेठच्या आवारात मागच्या भिंतीशी आडजात लाकडाचा ढीग असे. जे साग नाही ते सगळं आडजात, असा लकडगंजचा हिशेब. त्यात धामणीच्या फळ्या होत्या. एक दिवस शालिकराम मला म्हणाला, "बाई, माहा बाप कुऱ्हाडीचा दांडा धामणीचाच घाले. तो दांडा झटका खाये पन मोडे नाही. मले हे आधी काहून नाही सुचलं?" त्याने त्या ढिगातल्या चाळीसेक फळ्या एकेक करून उन्हात आणल्या, जमिनीवर ठेवल्या आणि टोकाशी बसून एक डोळा मिटून प्रत्येकीची रेषा पाहिली. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जायला हवी, मध्येच कडेने बाहेर पडली तर कमान तिथेच मोडणार. चाळीसांतून त्याने एक फळी घेतली.

त्या फळीची कमान कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून ठासून सांगते. मधली मूठ जाड ठेवायची, दोन्ही पाती टोकाकडे निमुळती करत न्यायची. बाहेरच्या अंगाला हत्यार लावायचं नाही, त्यावर सरसाने कोशाच्या रेशमी कापडाची पट्टी चिकटवायची. जे काय लाकूड काढायचं ते आतल्या अंगाचं. मग भिंतीवरच्या खुंटीवर कमान आडवी टांगायची, दोरीला बांधलेला दोर खालच्या कप्पीतून ओवायचा आणि बायकोच्या, जिजाबाईच्या हातात द्यायचा. जिजाबाई ओढायची आणि हा दहा पावलं मागे जाऊन उकिडवा बसून बघायचा.

"ओढू का सोडू? माहं वरन उतू जाऊन राह्यलं!" जिजाबाई ओरडायची.

"थांब वं. डावं अंग अजून ताठ हाय."

मग उठून फुटक्या काचेच्या तुकड्याने डाव्या अंगावर तीन-चार हात खरवडायचं आणि पुन्हा जाऊन बसायचं. अख्ख्या सकाळीत मूठभर भुसा निघायचा. मी एकदा म्हटलं, "जरा जास्त काढा ना, लवकर होईल." तो म्हणाला, "लाकूड काढता येते बाई, लावता येत नाही." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

पाचवी कमान टिकली. पन्नास मीटरवर प्रेमिलाचा बाण असा सुटायचा की दोरीचा आवाज विरायच्या आत लक्ष्यावरचा आवाज यायचा. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी नागपुरात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. चार मुली घ्यायच्या होत्या आणि प्रेमिला त्यांत येणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. तिच्याबरोबर आडजात ढिगातली ती फळीही राज्याच्या संघात जाणार होती. शालिकराम हे बोलून दाखवत नसे, पण त्या महिन्यात त्याने दोनदा दाढी केली.

त्याची अट एकच होती. "दोरी बाण सोडाच्या वेळेवर चढवाची, काम झालं की उतरवाची. मानसाले दोन दिवस वाकून उभं ठेवलं तं तो सरळ होईन का? लाकडाचंही तसंच हाय." दोरी चढवायची कशी ते त्याने प्रेमिलाला आणि मला शिकवलं. तिसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

आणि आली खंडेनवमी.

मार्तंडरावांनी फर्मान काढलं की यंदा मंडळाच्या शस्त्रपूजेत तलवारी-भाल्यांबरोबर ही कमानही मांडायची. मी सकाळी आठला ती घेऊन गेले. पाटावर ठेवली. मार्तंडराव सोवळं नेसून आले, बघितलं आणि नाक मुरडून म्हणाले, "बाई, ही तर काठी दिसते. पूजेला काठी मांडायची का? दोरी चढवा."

"साहेब, ती अशी चढवून ठेवत नाहीत."

"आरतीपुरती हो."

आरतीपुरती म्हणजे अर्धा तास, असा मी विचार केला. सभागृहात ती दोरी चढवता येणारी मी एकटीच होते. मी चढवली. माझ्या या हातांनी चढवली. लोकांनी 'वा, वा' केलं, हार घातला, हळदकुंकू वाहिलं, दोन्ही बाजूंना समया लावल्या आणि वरून फोकसचा दिवा सोडला.

आरती झाली. मी दोरी उतरवायला पुढे झाले तर मार्तंडरावांनी हात आडवा घातला. "मांडलेलं शस्त्र दसऱ्याच्या उत्तरपूजेआधी हलवायचं नाही. एवढं तुम्हाला ठाऊक नाही?" मी म्हटलं, "साहेब, कमान बाद होईल." ते हसले. "देवापुढे ठेवलेली वस्तू कधी बाद होते का? आणि हो, त्या मुलीच्या फॉर्मवर सही करायची आहे ना? उद्या उत्तरपूजा झाली की करू." मी मागे सरले. वकिली डाव होता तो, मला कळला आणि कळूनही मी मागे सरले. याची लाज मला आजही वाटते.

दुपारी आरा मशीनवरची पूजा आटोपून शालिकराम आणि प्रेमिला आले. धुतलेला पायजमा, हातात नारळ. दारातूनच त्याने कमान पाहिली आणि तो जागच्या जागी थांबला.

"दोरी कोनं चढवली?" त्याने विचारलं.

मी गप्प. मार्तंडराव म्हणाले, "मंडळाने चढवली. का?"

"उतरवा जी. लवकर उतरवा." तो पुढे झाला, त्याचा हात कमानीपर्यंत पोचलाही होता.

"अहो, मांडलेलं हत्यार उचलता? तुमच्याकडे पाळत नाहीत वाटतं?"

हा वार बरोबर बसला. पाळत नाहीत? शालिकरामने त्याच सकाळी स्वतःची करवत, रंधा, पटाशी धुऊन पूजेत मांडली होती आणि दसऱ्यापर्यंत तो त्यांना बोटही लावणार नव्हता. बावीस वर्षं त्याने हे चुकवलं नव्हतं. ज्यांनी आयुष्यात हत्यार वापरलं नाही ते त्याला हत्याराचा मान शिकवत होते. त्याने हात मागे घेतला. नारळ ठेवला, कमानीला नमस्कार केला आणि दाराशी चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसला. मला त्याचा इतका राग आला की वाटलं जाऊन त्याचा हात धरून ओढावा. पण ज्या बाईचा स्वतःचा हात मागे आला होता, तिने दुसऱ्याचा कशाला धरावा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरपूजा झाली. चौतीस तास कमान वाकून होती, समयांच्या आणि दिव्याच्या उष्णतेत. शालिकरामने दोरी उतरवली तर ती सरळ झालीच नाही. रिकामी कमान तशीच वाकडी राहिली. त्याने ती डोळ्यासमोर धरून पाहिली, कापडात गुंडाळली आणि म्हणाला, "चला वं पोरी." मार्तंडराव तेव्हा सोनं लुटत होते. फॉर्मवर सही मात्र त्यांनी केली, शब्दाचे पक्के!

चाचणीत तीस मीटरवर प्रेमिला पहिली होती. चाळीसवर तिसरी. पन्नासवर तिचे बाण लक्ष्याच्या पायाशी गवतात पडायला लागले. तिने नेम वर घेतला, आणखी वर घेतला, दात ओठ खाऊन ओढलं. कमानीत जोरच उरला नव्हता. सात गुणांनी ती पाचवी आली. मैदानावर ती रडली नाही, सायकलवर बापाच्या मागे बसून गेली आणि घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही, असं जिजाबाईने मला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत मार्तंडराव म्हणाले, "गावठी कमान ती, शेवटी गावठीच. आरा मशीनवरच्या माणसाचं काम ते केवढं असणार?" बाकीच्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, लाकूडच आडजात होतं म्हणे. मी तिथे बसले होते. आणि मी बोलले नाही. कारण बोलायचं तर आधी 'मी चढवली' असं म्हणावं लागलं असतं, आणि ते शालिकरामच्या कानावर गेलं असतं.

वर्षभर मी दर रविवारी त्याच्याकडे जात राहिले. त्याने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. जिजाबाई चहा द्यायची. त्याने धामणीची दुसरी फळी शोधली, पुन्हा तेच, खुंटी, कप्पी, काचेचा तुकडा. सहावी कमान पाचवीहून सरस झाली. आणि खंडेनवमीच्या आधी त्याने आणखी एक कमान केली, दोन संध्याकाळांत. सागाचा जाड तुकडा घेऊन करवतीने वाकडाच कापला, घासून चकचकीत पॉलिश केलं, टोकांना लाल गोंडे बांधले आणि दोरी खिळ्याने ठोकून टाकली. "हे मंडळात देऊन द्या," तो म्हणाला, "पूजेले." मी बघतच राहिले. मार्तंडरावांना ती इतकी आवडली की त्यांनी ती सभागृहात कायमची टांगायचं ठरवलं. "मागच्या वर्षीपेक्षा किती सुधारणा आहे बघा!" असंही म्हणाले.

दसऱ्यानंतर चाचणी झाली. प्रेमिला दुसरी आली. राज्याच्या संघात तिचं नाव लागलं.

कोजागिरीला मंडळाने सत्कार ठेवला. व्यासपीठावर मधोमध ती सागाची शोभेची कमान, तिला झेंडूचा हार. मार्तंडरावांनी अर्धा तास भाषण केलं. आमच्या मंडळाने घडवलेली खेळाडू, आमच्या मंडळाने घडवून घेतलेली कमान, आणि सागाकडे बोट दाखवून म्हणाले, "हीच ती!" पेपरवाल्याने फोटो काढला. मग शालिकरामला वर बोलावलं, शाल घातली, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकपासून हातभर लांब उभा राहिला.

"ही कमान चांगली नाही जी," तो म्हणाला. "हिच्यानं बाण दहा हात जानार नाही. हे मी पूजेसाठी केली. चांगली हाय ते पोरीजवळ हाय, पिशवीत, दोरी उतरवून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मार्तंडराव सगळ्यांत जोरात वाजवत होते. "बघा, केवढा हा विनय!" ते माइकमध्ये म्हणाले.

मग माझ्याने राहवलं नाही. मी खुर्चीवरून उठले आणि ड्रिलच्या मैदानावर ओरडते तशी ओरडले. "विनय नाही हा! तो खरं बोलतोय! मागच्या वर्षी त्याच्या कमानीत खोट नव्हती. पूजेत तिची दोरी मी चढवली होती. मी! आणि अर्ध्या तासाने मी उतरवायला गेले, मग तो उतरवायला गेला, तेव्हा अध्यक्षांनी उतरवू दिली नाही. म्हणून ही मुलगी हरली, आणि वर तुम्ही सगळे त्याच्या कामाला गावठी म्हणालात. मीही इथे बसून ऐकलं."

"बाई, खाली बसा," मार्तंडराव दातांतून म्हणाले. मी बसले नाही, पण शालिकरामकडे बघायची हिंमतही होत नव्हती.

तो माइकजवळ सरकला.

"मले मालूम होतं बाई," तो म्हणाला. "तुमी दोरीले तीन पीळ जास्त देता, त्यानं कमान जास्त वाकते. पोरगी देत नाही. अन् पोरगी त्या दिवशी सकाळपासून माह्यासंग आरा मशीनवर होती. मी दारातूनच समजलो."

मी खाली बसले. वर्षभर त्याने मला शेजारी बसवून घेतलं होतं, कमान दाखवली होती, चहा पाजला होता.

"तुमची चूक अर्ध्या तासाची हाय," तो म्हणाला. मग त्याने अंगावरची शाल काढली, नीट घडी केली आणि मार्तंडरावांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. "बाकीचे साडेतेहतीस तास कोनाचे, ते इथं बसले त्यायले इचारा."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.